पेचकस कुणाच्या हातात?

नागपूरच्या धरमपेठेत माझ्याकडे समुपदेशनासाठी नववीतल्या एका मुलीची आई आली होती (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). "मॅडम, सहावीपासून रोबोटिक्सचं वेड होतं हिला, आता लॅबमध्ये जायलाच नाही म्हणून राहिली. मुलींचं मन यात रमत नाही म्हणतात, तसंच असेल का?" ही काळजी अनेक पालक बोलून दाखवतात.

मुलीशी बोलताना मी आवडीचा विषयच काढला नाही. मागच्या चार तासिकांत तिच्या वाट्याला कोणते काम आले, तेवढेच वहीत लिहायला सांगितले. तिने लिहिले: तक्ता रंगवला, सामानाची यादी केली, फोटो काढले, सादरीकरणाचे भाषण पाठ केले. सोल्डरिंग आयर्न (तारा जोडायचे तापणारे अवजार) एकदाच हातात घेतले, तेव्हा "दे इकडे, चटका बसेल" म्हणत संघातल्या मुलाने ते काढून घेतले. त्याने ते काळजीपोटीच केले असावे, त्यामुळे त्यात काही गैर आहे हे कुणालाच, तिलाही, जाणवले नाही. वर्षभर ज्या यंत्राला हात लावायला मिळाला नाही, त्याचा कंटाळा येणारच, असे मी आईला सांगितले. आयआयटीत 2018 पासून मुलींसाठी अधिसंख्य, म्हणजे नेहमीच्या जागांवर जादा, जागा आहेत. पण तिथवर जाण्याची इच्छा चौदाव्या वर्षीच विझत असेल, तर त्या जागांचा तिला काय उपयोग?

मुलीच्या संमतीने मी शिक्षकांना भेटले आणि त्यांनी मनापासून ऐकून घेतले. जोडणी, प्रोग्रॅम, चाचणी आणि सादरीकरण ही कामे दर आठवड्याला फिरती झाली, आणि मदत करणाऱ्याने तोंडाने सांगायचे, दुसऱ्याच्या हातातले अवजार घ्यायचे नाही, असे ठरले. प्रत्येक संघात एकेक मुलगी वाटून देण्याऐवजी दोघी-तिघींना एकत्र ठेवावे, हा आग्रह मात्र माझा होता, कारण एकटीची चूक लगेच साऱ्या मुलींच्या नावावर जमा होते.

दीड महिन्याने ती आली ती बोलतच. काळ्या रेषेवरून चालणारी त्यांची गाडी खिडकीजवळ येताच भरकटत होती आणि सगळे प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होते. हिने गाडीवर तळहाताची सावली धरली, तर ती सरळ चालली. उन्हातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांमुळे रेषा ओळखणारा सेन्सर फसत होता. मग हिने पेचकसाने सेन्सरचा स्क्रू फिरवून संवेदनशीलता जुळवली आणि त्याच्याभोवती पुठ्ठ्याचा आडोसा बसवला. पुठ्ठा कापून देणारा तोच मुलगा होता.