नकाराचा फोन तुम्ही करायला नको होता

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा, यंदा मेकॅनिकल इंजिनिअर झाला. भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ट्रेनी म्हणून महिना २१ हजारांवर निवड झाली होती. इंटरनेटवर पुण्यातल्या प्रॉडक्शन मॅनेजरचा पगार वर्षाला १८ लाख दाखवतात. चार वर्षं शिकवून २१ हजार? आम्हीच कंपनीला फोन करून नकार कळवला. आता बागेवर कर्ज काढून त्याला एमबीएला घालायचं आहे, म्हणजे थेट मॅनेजर होईल. चुलतभाऊ हिंजवडीत आयटीत आहे, त्याने दोन वर्षांत गाडी घेतली. याला काही कळत नाही, हल्ली घरात बोलतही नाही. कोणतं कॉलेज घ्यावं?
— एक पालक, तासगाव

उत्तर : कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर अडलो : ‘आम्हीच कंपनीला फोन करून नकार कळवला.’

ती मुलाखत तुमच्या मुलाने दिली होती. लेखी परीक्षा, मग तांत्रिक प्रश्न, मग एचआर. वर्गातल्या कितीतरी मुलांना डावलून त्याला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसांनी त्याला सांगितलं की तू आमच्या कामाचा आहेस. आणि तुम्ही एका फोनवर ते पुसून टाकलं. पुढे तुम्हीच लिहिता की तो बोलत नाही. दादा, या दोन गोष्टींचा संबंध तुम्हाला दिसत नाही का? अख्ख्या पत्रात त्याला काय हवंय हे कुठेच नाही. ‘आम्ही’ आहे, चुलतभाऊ आहे, त्याची गाडी आहे. मुलाच्या वाट्याला आलं ते ‘याला काही कळत नाही’.

तुम्ही हे मायेपोटी केलंत याबद्दल मला शंका नाही. द्राक्षाच्या पैशावर इंजिनिअर करणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. पण फोन करणं चूक होतं, आणि ती चूक त्याच्यासमोर कबूल करा. कॉलेजचा विषय त्यानंतर.

आता ते १८ लाख. आकडा खोटा नाही. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या मोठ्या कारखान्यांत पंधरा-सोळा वर्षं काढलेल्या माणसाला तेवढे मिळतात, काहींना जास्तही. पण तो माणूस किती वर्षांचा, किती मोठ्या कारखान्यातला, हे त्या आकड्याशेजारी लिहिलेलं नसतं. चाळीस-पन्नास कामगारांच्या शॉपमध्ये, म्हणजे छोट्या कारखान्यात, हाच हुद्दा लावून महिना पन्नास-साठ हजारांवर काम करणारी माणसं मी ओळखतो. शिवाय १८ लाख म्हणजे सीटीसी, कंपनीला त्या माणसावर वर्षाला येणारा एकूण खर्च. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही, टार्गेट गाठलं तरच मिळणारा भाग असतो. वर इन्कम टॅक्स. बाराने भागून येणारे दीड लाख दरमहा खात्यात जमा होत नाहीत.

आणि हा पगार कशाबद्दल मिळतो? सकाळच्या मीटिंगला प्लॅन किती होता, झालं किती, रिजेक्शन किती, याचा जाब द्यायचा. प्रेसवर डाय तुटली, तिसऱ्या शिफ्टचे सहा ऑपरेटर आलेच नाहीत, चाकणला गाड्यांच्या कंपनीत दोन तासांचाच माल उरलाय आणि आपल्यामुळे तिथली लाइन थांबणार आहे. अशा रात्री दोन वाजता फोन येतो तो प्रॉडक्शन मॅनेजरला. कामगाराचं बोट मशीनमध्ये गेलं तर आधी मॅनेजरलाच विचारतात. ज्याने स्वतः मशीनजवळ उभं राहून नाइट काढलेली नाही, त्याच्या शब्दाने वीस वर्षांचा जुना ऑपरेटर हलत नाही. एमबीएने ही कमाई होत नाही. २१ हजारांच्या त्या दिवसांतच होते.

एमबीएला माझा विरोध नाही. पवईची जुनी नीटी, म्हणजे आताची आयआयएम मुंबई, ऑपरेशन्ससाठी नावाजलेली आहे. एमबीएच्या प्रवेशासाठीची कॅट नोकरी करतानाही देता येते, एम.टेक.साठीची गेटही. दोन-तीन वर्षं शॉपवर काढून गेलेल्या मुलाला तिथे शिकवलेलं कशाबद्दल आहे ते लगेच कळतं. पण मिळेल त्या कॉलेजात, बागेवर कर्ज काढून? अशा कॉलेजांतून बाहेर पडून विम्याच्या पॉलिसी विकत फिरणारे इंजिनिअर माझ्याकडे येतात. आणि एका अवकाळीत बाग गेली तर हप्ता कोण भरणार?

२१ हजारांत पुण्यात ओढाताण होते, हे खरं. कॉट बेसिसवर खोली आणि मेस यांतच बराचसा पगार जातो. कंपनीची बस आणि कॅन्टीन असेल तर तेवढाच दिलासा. म्हणून आकड्यापेक्षा हे विचारा : ट्रेनिंग किती महिन्यांचं, कन्फर्म झाल्यावर पगार किती, ते लेखी देणार का, आणि काम प्रॉडक्शनलाच की नुसतं कागद भरायला. बाँड असेल तर वाचल्याशिवाय सही नको. मूळ मार्कशीट तर कुणाकडेच ठेवायला द्यायची नाही.

हे प्रश्न मुलाने विचारायचे. आज रात्री त्याला विचारा, तुला ती नोकरी हवी होती का? उत्तर येईपर्यंत थांबा, मध्ये बोलू नका. नको म्हणाला तर पुढचं पत्र त्याला लिहू द्या. हो म्हणाला, तर त्यानेच एचआरला फोन करावा आणि खरं ते सांगावं : नकार घरून गेला होता, माझी यायची तयारी आहे. जागा भरली असेल तर शेजारच्या दोन कारखान्यांत बायोडेटा द्यावा. फोन गुरुवारी नको, भोसरीत त्या दिवशी बहुतेक कारखान्यांना सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी दहानंतर करू द्या, आणि तो बोलत असताना तुम्ही जरा बागेत जाऊन या.