उसाचं पेर नेमकं कुठं असतं?

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे. पुस्तकात दिलंय की खोडावर पान फुटतं ती जागा म्हणजे पेर, आणि दोन पेरांमधला भाग म्हणजे कांडे. वर्गातली पोरं मात्र म्हणतात, "आमचा आज्जा उसाचं पेर मोडून खायाला देतोय की!" आता पान फुटायची जागा कुणी मोडून खायला देईल का? मग पेर म्हणजे गाठ, की गाठींमधला भाग? शिवाय पेरणीशी त्याचा काही संबंध आहे का, असंही त्यांनी विचारलंय.

बोलीपुरतं पोरांचं बरोबर आहे. पाण्याचा ताण बसला की निपाणी-चिकोडीकडचा शेतकरी म्हणतो, "औंदा पेरं आखूड पडली." गाठ आखूड पडत नाही, आखूड पडतो तो दोन गाठींमधला भाग. बोटांचंही तेच. एका बोटाला 3 पेरं, अंगठ्यानं चारही बोटांवरून मोजत गेलं की 12. (रेघा मोजल्या तरी बोटाला तीनच भरतात! त्यामुळं आपण तुकडा मोजतोय की सांधा, हा प्रश्न मोजणाऱ्याला कधी पडतच नाही. माझा संशय असा की अर्थ घसरायला अशाच जागा कारणीभूत होतात.)

पण पुस्तकवाल्यांनी हवेतून काही काढलेलं नाही. पेर हा शब्द संस्कृतातल्या पर्वन्, परुस् या घराण्यातला, आणि तिथं हा घोळ आधीपासूनच आहे. महाभारताची 18 पर्वं म्हणजे तुकडे, भाग. पण अमावास्या-पौर्णिमेला पर्व म्हणतात ते दोन पंधरवड्यांचा सांधा म्हणून. दूर्वांचा मंत्र आठवा: 'काण्डात् काण्डात् प्ररोहन्ती परुषः परुषस्परि'. दूर्वा जमिनीवर पसरते आणि गाठीगाठीला मुळं धरत, कोंब काढत जाते, त्याचंच हे वर्णन. गंमत म्हणजे इथं 'काण्ड' आणि 'परुस्' दोन्ही शब्द फुटण्याच्या जागेसाठीच आलेत. पुस्तकानं एकमेकांपासून तोडलेली ही जोडी मंत्रात खांद्याला खांदा लावून उभी आहे.

वनस्पतिशास्त्राला असलं दुहेरीपण चालत नाही, कारण उसाच्या त्या दोन भागांची कामंच वेगळी. गाठीवर डोळा (म्हणजे कोंब फुटायची जागा) असतो, मुळं फुटायचे बारीक ठिपके असतात, पाचट काढलं की पानाच्या बुडाचा वळ दिसतो. रस भरलेला असतो तो मधल्या भागात. नुसता मधला भाग लावणीला टाकला तर त्यातून काही उगवायचं नाही. खानापूरच्या पोरांना ऊस नको असेल तर बांबू दाखवा: आत पोकळ ते कांडं, आणि पोकळीला आडवा पडदा येतो ती गाठ. तेव्हा दोन वेगळी नावं हवीतच. त्यांतलं पेर गाठीला द्यायला नको होतं, असं माझं मत. 'गाठ' हा चांगला, कुणालाही कळणारा शब्द असताना बोलीत मधल्या भागाला चिकटलेलं नाव उचलून सांध्यावर कशाला ठेवायचं? शेजारच्या कन्नडमध्ये सांध्याला सरळ 'गेण्णू' म्हणतात. (उच्चार जरा घसरला की 'गिण्णू', म्हणजे खरवस, एवढं सांभाळा.)

आमच्या घरी खायच्या तुकड्याला 'कांडकं' म्हणत, म्हणून लहानपणी मला हा घोळ जाणवला नाही. आणि लावण करणारा तर पेर-कांड्याच्या भानगडीत पडतच नाही. तो "दोन डोळ्यांचं टिपरं" (लावणीसाठी तोडलेला उसाचा तुकडा) मागतो. डोळा गाठीवरच असतो, त्यामुळं तिथं चूक व्हायला जागाच नाही.

बाई, वर्गात उसाचं एक टिपरं न्या, डोळ्यावर बोट ठेवा आणि "पुस्तकातलं पेर हे" म्हणून सांगा. परीक्षेत तसंच लिहू द्या. घरी आज्जा देतो ते पेर पुस्तकातलं कांडे आहे, हेही सांगून टाका, म्हणजे पोरं घरी जाऊन म्हाताऱ्याशी वाद घालणार नाहीत.

पेरणीचं म्हणाल तर संबंध नाही. 'पेरणे' हे क्रियापद वेगळ्या मुळाचं आहे.