ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, नवा सेफ्टी रेझर घेतलाय. गळ्यावर कापतं, फेसही लगेच सुकतो. काय चुकतंय?

बहुधा दोन गोष्टी: रेझर दाबला जातोय आणि साबणाला जड, म्हणजे जास्त क्षारांचं, पाणी मिळतंय. कार्ट्रिज रेझरचं डोकं हलतं, थोडा दाब खपून जातो. सेफ्टी रेझरचं डोकं पक्कं असतं, दाब थेट पात्यावर येतो. दांडा टोकाशी हलका धरा, रेझरचं वजनच पुरे. आधी वरची टोपी गालाला टेकवा आणि दांडा हळूहळू खाली आणा. केस कापल्याची खरखर ऐकू आली की तोच कोन, साधारण 30 अंश. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच ओढा. गळ्यावर केस एकाच दिशेने उगवत नाहीत, कंठापाशी बऱ्याचदा आडवे असतात. आदल्या दिवशी कोरड्या बोटाने चाचपून दिशा ओळखा. पहिले दोन आठवडे उलटी दाढी अजिबात नको.

सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर त्यातलं कॅल्शियम साबणाला चिकटून साका होतो, फेस धरत नाही. ब्रश भिजवायला आणि फेसाला अर्धा पेला आरओचं पाणी घ्या, तोंड धुवायला नळाचं चालेल. फेस घोटलेल्या दह्यासारखा, चकाकणारा हवा: मोठे बुडबुडे म्हणजे पाणी जास्त, चुन्यासारखा कोरडा म्हणजे कमी, मग चमचाभर घाला.

पातं चार-पाच दाढ्यांनंतर बदला. मात्र गळ्यावर पुटकुळ्या किंवा केसतोडा असेल तर तो भाग बरा होईपर्यंत सोडून द्या.