दुसऱ्या देशाने आपला कागद मानावा म्हणून

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. नारायणगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. 2010 च्या हंगामात फवारलेल्या औषधाच्या फळात उरलेल्या अंशामुळे युरोपात माल अडकला तेव्हा आमच्या घराने काय सोसले, हे ऐकतच ती मोठी झाली. आता ती म्हणते की, आरोग्य आणि अन्नसुरक्षा याबाबत दोन देशांमध्ये जी बोलणी आणि करार होतात, त्या कामात तिला जायचे आहे. तिच्या मामांचे म्हणणे असे की, मग शास्त्राचा नाद सोडून आतापासूनच यूपीएससीला लागावे. असे करिअर खरोखर असते का, आणि असल्यास तिने काय करावे?
– एक पालक, ता. जुन्नर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

असे करिअर असते. मात्र त्याला एकच एक नाव नाही आणि त्याची एकच एक परीक्षाही नाही, म्हणून ते घरच्यांना दिसत नाही. तुमच्या मुलीला ते दिसले, याचे कारण ते तुमच्या बागेपर्यंत येऊन गेले होते. 2010 मध्ये प्रश्न होता सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशाचा. घड भरलेले होते, गोडी होती, रंग होता. तरीही युरोपने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अंश जास्त निघाला आणि कंटेनर अडकले. जागतिक व्यापार संघटनेचा अन्नसुरक्षा आणि वनस्पती-प्राणी आरोग्यविषयक करार 1995 पासून लागू आहे. त्यानुसार प्रत्येक देशाला आपल्या लोकांच्या आरोग्यासाठी स्वतःचे निकष ठरवण्याचा अधिकार आहे, पण त्या निकषांना शास्त्रीय आधार असावा लागतो, आणि दुसऱ्या देशाने वेगळ्या पद्धतीने तेवढीच सुरक्षितता साधल्याचे पुराव्यानिशी दाखवले, तर ती पद्धत समतुल्य मानावी लागते. दोन देश टेबलाच्या दोन बाजूंना बसतात ते बहुतेक वेळा या ‘शास्त्रीय आधार’ आणि ‘समतुल्य’ या दोन शब्दांवर बोलण्यासाठी.

तुमच्या ओळखीच्या निर्यातदाराकडे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राची, म्हणजे माल कीडमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्याची, एखादी प्रत असेल, तर ती मुलीला जरूर वाचायला द्या. आपण त्याला मालाबरोबरचे एक कागदपत्र समजतो, पण त्याची सुरुवात पाहिली तर ते एका देशाच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेने दुसऱ्या देशाच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेला उद्देशून लिहिलेले असते. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराप्रमाणे ते देण्याचा अधिकार तांत्रिक पात्रता असलेल्या, शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यालाच असतो. माल तपासला आहे आणि आयात करणाऱ्या देशाने नमूद केलेल्या किडींपासून तो मुक्त समजला जातो, असे त्यात लिहिलेले असते. ‘मुक्त आहे’ असे न लिहिता ‘मुक्त समजला जातो’ असे लिहिलेले असते, कारण प्रत्येक फळ कापून पाहता येत नाही आणि जे तपासले नाही त्याची ग्वाही शासन देऊ शकत नाही. एका शब्दाचे हे वजन ज्याला कळते, असा माणूस या कामाला हवा असतो. माझ्या मते आंब्याच्या पेटीबरोबर जाणारा हा कागद म्हणजे दोन सरकारांमधले पत्रच आहे, आणि दुसऱ्या सरकारने त्यावर विश्वास ठेवावा अशी व्यवस्था उभी करणे, हे तुमच्या मुलीला खुणावणारे काम आहे.

हा विश्वास कसा जातो आणि कसा परत येतो, हे आपण आंब्यात पाहिले. 2013 मध्ये युरोपीय संघात भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या 207 खेपांमध्ये कीड आढळली आणि 1 मे 2014 पासून हापूससह आपल्या आंब्यांवर आणि चार भाज्यांवर तेथे बंदी आली. ही बंदी बरेच महिने पुढे चालायची होती. पण माल मान्यताप्राप्त पॅकहाऊसमधूनच (फळे निवडून पेट्यांत भरण्याच्या केंद्रातूनच), संगरोध निरीक्षकांच्या, म्हणजे कीड-रोग देशाबाहेर जाऊ नयेत हे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, तपासणीनंतर निघेल अशी व्यवस्था आपण केली, युरोपच्या तपासणी पथकाला ती दाखवली, आणि 2015 चा हंगाम सुरू होण्याआधी आंब्यावरची बंदी उठली.

अमेरिकेची गोष्ट अधिक बोलकी आहे. 2007 मध्ये तेथे आपल्या आंब्याला प्रवेश मिळाला तो दोन अटींवर : फळावर किमान 400 ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतकी विकिरण प्रक्रिया, म्हणजे कीड निष्प्रभ करणाऱ्या किरणांची प्रक्रिया, व्हावी, आणि ती अमेरिकन निरीक्षकाच्या उपस्थितीत व्हावी. लासलगावच्या आणि पुढे वाशीच्या केंद्रावर हंगामात हा निरीक्षक येऊन बसत असे. 2020 मध्ये कोविडमुळे तो येऊ शकला नाही आणि दोन हंगाम आंबा गेलाच नाही. फळ तेच होते, यंत्र तेच होते, चालवणारे तंत्रज्ञही तेच होते. पाहणारा परका माणूस तेवढा नव्हता. नोव्हेंबर 2021 मधील व्यापारविषयक बैठकीनंतर दोन्ही देशांचे असे ठरले की आपला आंबा आणि डाळिंब तिकडे जावे, त्यांची चेरी आणि अल्फाल्फा चारा इकडे यावा, आणि विकिरणाच्या पूर्वतपासणीची देखरेख टप्प्याटप्प्याने भारताकडे यावी. 2022 मध्ये आंबा पुन्हा निघाला. बैठकीत बसलेल्यांना कोय-भुंगा, फळमाशी आणि ग्रे हे एकक समजत नसते, तर त्यांनी बोलणी कशाच्या बळावर केली असती?

आरोग्यातही हेच चालते. 2021 च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनने पुण्यात तयार झालेल्या कोविशील्डला मान्यता दिली, पण भारताचे लसीकरण प्रमाणपत्र मानले नाही. भारताने 4 ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवसांच्या विलगीकरणाची अट घातली, आणि 11 ऑक्टोबरपासून ब्रिटनने भारतीय प्रमाणपत्र स्वीकारले. लस मान्य आणि कागद अमान्य, हा पेच त्या वेळी परदेशी निघालेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी अनुभवला. विश्वास बसल्यावर कामे किती सोपी होतात, याचे उदाहरण शेजारच्या भूतानचे आहे : 2024 मधील करारानुसार तेथील अन्न व औषध प्राधिकरणाने दिलेले प्रमाणपत्र आपले एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, मान्य करते.

आता मामांच्या सल्ल्याकडे येतो. त्यांचा हेतू चांगला आहे आणि भारतीय परराष्ट्र सेवा हा मोठा मार्ग आहे, यात शंका नाही. पण त्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, खुल्या गटाला वयाच्या 32 वर्षांपर्यंत सहा प्रयत्न मिळतात, आणि परराष्ट्र सेवेत दरवर्षी काही डझनच जागा असतात. म्हणजे शास्त्र सोडून काही मिळवायचे नाही, उलट हातचे जाण्याचा धोका आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये पाच-सहा वर्षे घालवून, हातात केवळ जुनी पदवी घेऊन माझ्यापुढे येऊन बसलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापुढे बोलताना मला फार जड जाते. तिने पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून, वाटल्यास यूपीएससीचे दोन-तीन प्रयत्न जरूर करावेत.

पदव्युत्तर शिक्षणात तिच्यापुढे तीन वाटा आहेत. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.; मैसूरच्या सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) सारख्या संस्थेत अन्नतंत्रज्ञान; किंवा सार्वजनिक आरोग्यातील पदवी, म्हणजे एमपीएच. मी तिच्या जागी असतो, तर पहिल्या दोनपैकी एक निवडली असती, कारण सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या पात्रतेत स्पष्टपणे नमूद आहे, आणि राज्यात ही पदे अन्न व औषध प्रशासनासाठी एमपीएससीमार्फत भरली जातात. जाहिराती नियमित निघत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. केंद्राकडे एफएसएसएआय आणि निर्यात तपासणी परिषद आहेत. कोडेक्स, म्हणजे अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष 1963 पासून ठरवणारी यंत्रणा, तिच्याशी भारताचा संपर्क एफएसएसएआयमधूनच चालतो. दिल्लीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय आहे, आणि अशा परदेशी कार्यालयांत भारतीय तज्ज्ञांनाही काम मिळते. वनस्पती संगरोधात मात्र प्रामुख्याने कृषी शाखेची, कीटकशास्त्राची किंवा वनस्पती रोगशास्त्राची पदवी मागतात, तेव्हा त्या जागांवर तिने भिस्त ठेवू नये.

पुण्यात राहून हे शिकण्याची सोय इतरत्र क्वचितच मिळेल. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात निर्यातीच्या द्राक्षांच्या अंश तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. गुलटेकडीला राज्य कृषी पणन मंडळाचे मुख्य कार्यालय आहे, ज्याची निर्यात सुविधा केंद्रे आहेत. आणि राष्ट्रीय विषाणू संस्था तर 1952 मध्ये आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्यातूनच उभी राहिली. एम.एस्सी.चा प्रकल्प यांपैकी एखाद्या ठिकाणी मिळवण्याचा प्रयत्न तिने आता, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करावा. संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच किंवा जपानी यांपैकी एक भाषा घ्यावी. माझा कल जपानीकडे आहे, कारण 1986 ते 2006 अशी वीस वर्षे जपानने आपला आंबा घेतला नव्हता, आणि बाष्प-उष्णता प्रक्रियेचा, म्हणजे गरम वाफेने फळातली कीड मारण्याच्या पद्धतीचा, पुरावा मान्य झाल्यावरच तो दरवाजा उघडला. अशा देशाचे नियम त्याच्याच भाषेत वाचणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत.

खर्चाची चिंता तुम्ही लिहिली नसली, तरी बागायतदाराच्या घरात ती असतेच, हे मी जाणतो. वर सांगितलेला मार्ग लाखोंच्या खासगी अभ्यासक्रमाचा नाही. ‘ग्लोबल हेल्थ डिप्लोमसी’ असे भारदस्त नाव असलेला महागडा ऑनलाइन कोर्स कोणी सुचवला, तर एम.एस्सी. होईपर्यंत त्यावर एक रुपयाही घालू नका.

तोवर एक काम घरीच करण्यासारखे आहे. या हंगामात तुमच्या प्लॉटचा नमुना घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस येईल, तेव्हा मुलीला त्या दिवशी गावी बोलावून घ्या. तो कोणत्या ओळीतून, किती वेलींचे घड घेतो, पिशवी कशी सील करतो, चिठ्ठीवर काय लिहितो, हे तिने वहीत टिपून घ्यावे. अहवाल आला की प्रत्येक औषधापुढचा आकडा आणि त्यासमोरची एमआरएल, म्हणजे अंशाची कमाल मर्यादा, तिने स्वतः पडताळावी, आणि युरोपची मर्यादा व आपली मर्यादा जिथे वेगळी दिसेल तिथे ती का वेगळी आहे, याचा शोध घेऊन मला कळवावे. तिच्या पत्राची मी वाट पाहीन.