घरचे रंग: हॉलला डार्क रंग द्यायचाय पण धीर होत नाहीये

गणपती गेले की आमच्याकडे पत्रांचा ढीग लागतो, कारण नाशिकमधल्या प्रत्येक घराला अचानक दसऱ्याच्या आत रंग हवा असतो. दरवर्षी ऑफव्हाइट की क्रीम असले प्रश्न असतात, यंदा मात्र निम्म्याहून जास्त जणांना डार्क हवाय. नेव्ही, बॉटल ग्रीन, कोळशासारखा ग्रे, एकीला तर चक्क जांभळा हवाय, काळ्या द्राक्षाच्या रंगाचा, म्हटलं वा, हे खरं नाशिक. तर या वेळी सगळा कॉलम डार्कवरच.

प्रश्न: ताई, गंगापूर रोडला आम्ही रिसेलचा फ्लॅट घेतलाय. हॉल 10 बाय 17, एका टोकाला पूर्वेची बाल्कनी आणि बरोब्बर समोरच्या टोकाला टीव्हीची भिंत. मला ती एकच भिंत नेव्ही ब्लू करायची आहे, मिस्टर म्हणतात करायची तर चारही करू, सासूबाई म्हणतात घर आहे का थेटर, आणि पेंटर म्हणतो मॅडम डार्क घेऊ नका पस्तावाल. कोणाचं ऐकू?

चौघांचंही थोडं थोडं ऐका, कारण खरं सांगू का, चौघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पहिले तुम्ही. भिंत तुम्ही अगदी बरोबर निवडली आहे. हॉल लांबुळका आहे ना, 10 बाय 17 म्हणजे बोळच तो, अशा खोलीत लांबच्या टोकाची छोटी भिंत डार्क केली की ती जवळ आल्यासारखी वाटते आणि बोळपणा कमी होतो. शिवाय ती खिडकीच्या समोर आहे म्हणजे उजेड थेट तिच्यावर पडणार, तिथे नेव्ही हा नेव्ही दिसेल. हाच रंग बाल्कनीच्या दाराच्या भिंतीला दिला असता तर दाराच्या झगझगाटापुढे ती भिंत दिवसभर नुसती काळी दिसली असती. आणि टीव्ही बंद असताना पांढऱ्या भिंतीवर जो काळा चौकोन डोळ्यात खुपतो तो डार्क भिंतीत विरघळून जातो, हा माझ्या मते डार्क रंगाचा सगळ्यात मोठा फायदा आणि तो कोणी सांगत नाही. वायरी मात्र विरघळत नाहीत हं, त्या आधी भिंतीच्या आत घाला.

आता सासूबाई. त्या घराचं थेटर होईल म्हणतायत, एका भिंतीपुरतं ते फारसं खरं नाही, पण त्यांच्या बोलण्यात दुसरी एक गोष्ट आहे जी त्या बोलत नाहीयेत. त्या हॉलमध्ये बसून मेथी निवडत असतील, पेपर वाचत असतील, आणि वयानुसार डोळ्यांना उजेड जास्त लागतो. रंगाचा एक आकडा असतो, एलआरव्ही म्हणतात, म्हणजे भिंत किती उजेड परत फेकते ते, 0 म्हणजे काळा कुट्ट आणि 100 म्हणजे शुभ्र. चांगला ऑफव्हाइट 80 च्या आसपास असतो आणि नेव्ही 10 च्याही खाली. म्हणजे जी भिंत आत्तापर्यंत तुमच्या ट्यूबचा बहुतेक उजेड परत देत होती ती आता जवळजवळ सगळा गिळणार. चार भिंतींपैकी एक गिळली तर चालतं, चारही गिळायला लागल्या तर मिस्टरांना विचारा विजेचं बिल कोण भरणार. पूर्वेची बाल्कनी म्हणजे सकाळी झक्क ऊन आणि दुपारनंतर हॉल मऊ पडणार, त्यामुळे एकच भिंत करा आणि सासूबाईंच्या खुर्चीशेजारी त्यांच्या हक्काचा वाचायचा दिवा लावा. माझ्या अनुभवात निम्मी भांडणं त्या दिव्यानेच मिटतात.

आणि दिव्यांचंच बोलते जरा, कारण लोक शेडकार्ड घेऊन महिनाभर बसतात आणि बल्ब मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून मिळेल तो आणतात. खोक्यावर 6500के लिहिलेलं असतं तो निळसर पांढरा, 3000के चा पिवळसर, आणि 4000के मधला. पिवळसर उजेडात निळा भाग कमीच असतो त्यामुळे नेव्ही त्याच्याखाली मळकट काळा पडतो, मरून आणि बॉटल ग्रीन मात्र त्याच दिव्यात मस्त खुलतात. नेव्ही करणार असाल तर 4000के घ्या. एकाच छताला एक ट्यूब पांढरी आणि दोन स्पॉट पिवळे असं करू नका, भिंत दोन रंगांची दिसते.

हे मी शिकले कशी तर स्वतःच्या घरात फजिती करून. नऊ वर्षांपूर्वी मी हौसेने हॉलची भिंत बॉटल ग्रीन केली, वर पुसायला सोपं म्हणून चकचकीत फिनिश, आणि उजेड काय तर जुनी एक ट्यूबलाइट. संध्याकाळी भाचा आला, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला मावशी खडू आहे का. खरंच शाळेचा फळा दिसत होता हो, आणि चकचकीत असल्यामुळे लांबीतला, म्हणजे रंगाखालच्या पुट्टीतला, प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खड्डा लांबून मोजता यायचा.

इथे तुमचा पेंटर येतो. तो पस्तावाल म्हणतो कारण डार्क रंगात त्याचं काम उघडं पडतं, पांढऱ्यात सगळं खपतं. आज रात्री एक करा, हॉलचे दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून आडवा धरा. ज्या सावल्या दिसतील ना तेवढं लांबीचं काम बाकी आहे. जेवढी चमक जास्त तेवढी भिंत सपाट हवी, म्हणून भिंत जरा उंचसखल असेल तर मॅट, म्हणजे बिनचमकेचा, घ्या. मॅटची गंमत अशी की उंचवटे लपतात पण हात, पाठ, सोफ्याची कड घासली की तिथे चमकदार डाग पडतो आणि पुसायला गेलं की तो अजून चमकतो. टीव्हीच्या भिंतीला कोणी टेकत नाही त्यामुळे तुम्हाला मॅट चालेल. सोफ्यामागची भिंत असती तर मी हलक्या चमकेचा, सॉफ्ट शीन म्हणतात तो सांगितला असता.

कामाच्या वेळी पेंटर काकांना गोड बोलून चार गोष्टी सांगा. डार्क शेड ज्या बेसमध्ये, म्हणजे दुकानातलं मशीन ज्या मूळ पेंटमध्ये रंग मिसळतं त्यात, बनतो त्यात पांढरा भाग जवळजवळ नसतोच, म्हणून तो खाली झाकत नाही, पांढऱ्या प्रायमरवर दोन हात मारून पुरत नाहीत, प्रायमरच ग्रे करून घ्या मग दोन-तीन हातात भरतो. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, अंदाजपंचे नाही. सगळा माल एकदम मशीनवर काढून आणा आणि दोन डबे असतील तर एका बादलीत एकत्र करा, कारण नंतर आणलेला लिटर थोडा वेगळा निघाला की तो भिंतीवर सांगतो. 10 बाय 10 च्या भिंतीला दोन हातांना साधारण दोन लिटर धरा, तिसरा लागला तर अजून एक. आणि पंखा बंद, भिंत एका दमात संपवायची, अर्ध्यात चहाला जायचं नाही, नाहीतर वाळलेल्या आणि ओल्या रंगाच्या जोडावर पट्टा उमटतो. चहा आधी पाजा.

शेड नक्की करायच्या आधी छोटा डबा आणून मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा. पांढऱ्या भिंतीवर मधेच चौकोन रंगवून बघू नका, बाजूच्या पांढऱ्यामुळे तो आहे त्यापेक्षा काळा दिसतो आणि माणूस घाबरून फिकट शेड घेतो. पुठ्ठा त्या भिंतीला टेकवून सकाळी, चार वाजता आणि दिवे लावल्यावर बघा, आणि वाळल्यावर बघा, ओला असताना रंग वेगळाच असतो.

प्रश्न: आमचं इंदिरानगरला पंचवीस वर्षं जुनं अपार्टमेंट आहे. हॉलची पश्चिमेची भिंत मरून करायची आहे. पावसाळ्यात तिथे थोडी ओल येते पण आत्ता वाळलीये. दिवाळीच्या आत होऊन जाईल ना?

नाही. म्हणजे रंग होऊन जाईल, टिकणार नाही.

आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडूनच येतो त्यामुळे ती भिंत चार महिने पाणी पिते. वरून वाळलेली दिसते पण आतलं पाणी बाहेर येताना सिमेंटमधले क्षार घेऊन येतं आणि भिंतीवर पांढरी पूड सोडतं. क्रीम भिंतीवर ती पूड दिसत नाही, मरूनवर मिठाने माखल्यासारखी दिसते, मग फुगे, मग पापुद्रे. एक फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस लावा, आतल्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतच आहे. आधी बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा, खिडकीच्या वरचा सज्जा, पाइपाचे जोड बघा, आतून वॉटरप्रूफिंगचा डबा फासून बाहेरचं पाणी थांबत नाही, कितीही महाग असला तरी. ऑक्टोबरचं ऊन त्या भिंतीला पूर्ण खाऊ द्या आणि रंग डिसेंबरात काढा. दिवाळीला त्या भिंतीपुढे तोरण लावा छानसं. पाहुणे फराळाकडे बघतात हो.

प्रश्न: वर्षापूर्वी सोफ्यामागे डार्क ग्रे केला. मुलांनी गाड्या घासून ओरखडे काढलेत. राहिलेल्या डब्यातून टचअप केलं तर ठिगळं दिसतात. काय करू?

डार्कमध्ये टचअप हे असंच दिसतं, डबा तोच असला तरी. वर्षभरात भिंतीवर धूळ आणि हातांचं तेल बसलेलं असतं आणि ब्रशचा पोत रोलरसारखा नसतो. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीला रोलरने एक हात मारा, तेवढाच उपाय. पण मुलं लहान आहेत म्हणजे सहा महिन्यांनी परत तेच होणार, तर आपल्या जुन्या शाळा आणि सरकारी ऑफिसं आठवा, खाली तीन-साडेतीन फूट डार्क ऑइल पेंट आणि वर फिकट. आपण त्याला हसायचो पण पाठ, हात, खुर्च्या, सगळं त्या पट्ट्यावर घासायचं आणि फडक्याने पुसलं की झालं. तुम्ही उलट वरचा ग्रे तसाच ठेवा आणि खाली सोफ्याच्या उंचीपर्यंत लाकडी पॅनेल किंवा त्याच ग्रेचा पुसता येणारा सॅटिन पट्टा करा. एकाच रंगात खाली चमक वर मॅट, फार देखणं दिसतं, आणि गाड्या तीन फुटांच्या वर जात नाहीत.

प्रश्न: हॉलला काळा रंग अशुभ असतो का? घरातले ऐकत नाहीत.

वास्तूचं मला कळत नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. घरच्यांना एवढंच सांगा की अख्खं काळाराम मंदिर काळ्या दगडाचं आहे आणि तिथे आपण सगळे हात जोडतो. बाकी शुद्ध काळा मीही सांगणार नाही, कारण वेगळं आहे, त्यावर धूळ इतकी दिसते की रोज फडकं घेऊन उभं राहावं लागतं, आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर दिवसातून दोनदा. कोळशाचा ग्रे घ्या, रात्री काळाच दिसतो.