वहिनीला फोन करणं आधी थांबवा

"माझा धाकटा भाऊ डॅलसजवळ फ्रिस्कोला असतो. वय ३८. रोज रात्री साडेआठपासून त्याचे भारतातल्या टीमबरोबर कॉल सुरू होतात. घरचे सात वाजता जेवतात तेव्हा हा 'भूक नाही' म्हणत दोन घास खातो आणि कॉल संपले की अकरा-साडेअकराला फ्रोझन पिझ्झा, चिप्स, कोकची बाटली. थँक्सगिव्हिंगला आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. गाडीत भाचीचा बूट शोधताना दाराच्या कप्प्यात बर्गरचे कागद सापडले, चुरगळून पार तळाशी कोंबलेले. आमच्या बाबांना ४६व्या वर्षी मधुमेह निघाला, पन्नाशीत बायपास झाली. त्या रात्री जेवताना मी हेच बोलले, तर ताट तसंच टाकून उठला. वहिनीला दर दोन दिवसांनी फोन करून विचारत होते, आता ती फोन उचलत नाही. आई सांगलीहून मलाच म्हणते, 'तू मोठी आहेस, तू सांग त्याला.' डॉक्टरकडे तो शेवटचा कधी गेला, कुणालाच माहीत नाही. काय करू?"
— एक मोठी बहीण, न्यू जर्सी

ताई, तुमची काळजी रास्त आहे. बाबांना ४६व्या वर्षी मधुमेह आणि मुलगा ३८ वर्षांचा, रक्त कधी तपासलं ते कुणाला माहीत नाही, हे ऐकून कुणालाही धास्ती वाटेल. पण तुमच्या पत्रात मला भावाच्या खाण्याआधी दुसरंच काही खटकलं, ते म्हणजे वहिनीला दर दोन दिवसांनी जाणारा फोन.

तो फोन तुमच्या लेखी चौकशीचा असतो. तिच्या कानाला तो असा ऐकू येतो: 'तुझं लक्ष नाही का त्याच्याकडे?' तिकडे सासूबाईही बहुधा तेच विचारत असणार. बाई स्वतः नोकरी करते, मुलांचं बघते, सातला ताटं वाढते आणि अकरा वाजता नवरा काय खातो याचा जाब तिने द्यायचा. आपल्याकडे पुरुषाचं पोट सुटलं की बायकोच्या हाताला दोष आणि बारीक झाला तरी बायकोच्याच हाताला दोष. अमेरिकेत वीस वर्षं राहूनही हे सुटत नाही. तेव्हा पहिलं काम हे: वहिनीला एक मेसेज टाका. 'मी तुला फार विचारत राहिले, आता त्याच्या खाण्याबद्दल तुला विचारणार नाही. जे बोलायचं ते त्याच्याशीच बोलेन.' इतकंच. आणि तो शब्द पाळा. घरात तुम्हाला पुढे कुणाची मदत लागणार असेल तर ती तिचीच, म्हणून आधी तिला मोकळं करा.

जेवणाच्या टेबलावर, मुलांसमोर बाबांच्या बायपासचा विषय काढलात, ती जागा चुकली. हे तुम्हालाही कळलं असेल, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. फॅमिली ग्रुपवर 'साखर म्हणजे पांढरं विष' छापाचे फॉरवर्ड जात असतील तर तेही बंद करा. ते ज्याच्यासाठी असतात तो सोडून बाकी सगळे वाचतात.

आता त्या कागदांकडे येऊ. भाऊ जे करतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. एक साधी: वेळापत्रकाची. डॅलसला रात्री साडेआठ वाजतात तेव्हा भारतात ऋतूप्रमाणे सकाळचे सात किंवा आठ. त्याचा दिवस संपायला आलेला असताना समोरच्यांचा सुरू होतो. दुपारी मीटिंगमध्ये हाताला लागेल ते खाल्लेलं, सातला डोक्यात कॉल, मग अकराला खरी भूक. त्यातून झोप कमी आणि झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं जास्तच खावंसं वाटतं. आयटीतल्या निम्म्या मराठी घरांत हे चित्र असेल.

दुसरी गोष्ट जड आहे. काही माणसं थोड्या वेळात खूप खातात, खाताना हात आवरत नाही, लपून खातात आणि नंतर स्वतःची शरम वाटते. हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने होत असेल तर तो खाण्याचा विकार असू शकतो. बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात त्याला आणि २०१३ पासून अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. त्यावर समुपदेशनाचे चांगले उपचार आहेत. पण अशा माणसाला कडक डाएटवर बसवलं तर बऱ्याचदा उलटंच होतं. दिवसभर उपाशी राहायचं आणि रात्री धरण फुटायचं. गाडीतल्या चार कागदांवरून यातलं काही ठरत नाही. तो घाईत कोंबलेला कचराही असेल. निदान तुम्ही करू नका, फक्त हे मनात असू द्या. म्हणजे 'एवढंही जमत नाही का तुला' हे वाक्य तोंडातून निघणार नाही. आणि ते कागद सापडल्याचं त्याला कधीही सांगू नका. झडती घेतल्यासारखं वाटेल.

बोलायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. माझ्या मते तुमच्या हातात एक पत्ता आहे आणि तो तुम्ही अजून खेळलेला नाही. बाबा फक्त त्याचे नाहीत, तुमचेही आहेत. तुमची स्वतःची एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तपासणी, कधी झाली शेवटची? झाली नसेल तर या महिन्यात करून घ्या आणि मग त्याला फोन करा. रात्री नको, शनिवारी सकाळी, तो एकटा असेल तेव्हा. साधारण असं: 'अरे, मी माझी शुगर तपासून घेतली. बाबांचं वय आठवलं आणि भीती वाटली. माझी इतकी आली. तूही एकदा करून घेशील का? माझ्या जिवाला बरं वाटेल.' पुढे थांबा. पिझ्झा, वजन, वहिनी, मुलं, काही नाही. तो हसण्यावारी नेईल. नेऊ दे. 'बघ, जमलं तर मार्चच्या आत कर,' म्हणा आणि विषय बदला. भावंडांत हे चालतं. आईने म्हटलं तर उपदेश होतो, बायकोने म्हटलं तर भांडण.

तपासणी मागायला कारण भरपूर आहे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या शिफारशीनुसार ३५ वर्षांपासून प्रत्येकाने तपासून घ्यावं आणि आशियाई वंशाच्या माणसाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ किंवा वर असेल, घरात मधुमेह असेल, तर वयाची वाट बघायचीच नाही. इतरांसाठी हा आकडा २५ आहे. ('तो काही तेवढा जाड नाही' असं आई म्हणत असेल तर तिला हे सांगा.) पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसं शर्टात बारीक दिसतात आणि चरबी पोटात साठवतात. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप बरी: पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बायकांची ८०च्या वर गेली की सावध व्हायचं.

एचबीए१सी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज. उपाशीपोटी जावं लागत नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह, आणि तेही बहुतेक वेळा पुन्हा तपासून पक्कं करतात. (ब्रिटनमधल्या वाचकांना हेच आकडे वेगळ्या मापात दिसतील: ४२ ते ४७ उंबरठा, ४८ पासून मधुमेह.) त्याच वेळी कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबही बघून घ्यायला सांगा, बायपासचा इतिहास आहे घरात. नोकरीच्या बहुतेक विम्यांत वर्षातून एक तपासणी खिशातून काही न देता होते. तो 'खर्च', 'वेळ' म्हणेल तेव्हा हे हाताशी असू द्या. रिपोर्ट तुम्हाला दाखवायचा की नाही हे त्याने ठरवायचं. डॉक्टरही त्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला काही सांगणार नाहीत, तेव्हा तिथे फोन करून उपयोग नाही.

आकडा उंबरठ्यावरचा आला तर हातपाय गाळू नका. २००२ साली अमेरिकेत मधुमेह प्रतिबंधाच्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. वजन ७ टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, असं ध्येय दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. ९० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे जेमतेम सव्वासहा किलो. त्याच धर्तीचे वर्षभराचे वर्ग आता अमेरिकेत ठिकठिकाणी आणि ऑनलाइनही चालतात, डॉक्टर नाव सुचवतात.

खाण्यात काय बदलायचं ते त्या नवरा-बायकोने ठरवायचं, तुम्ही न्यू जर्सीहून नाही. तरी कधी त्याने आपणहून विचारलंच तर दोनच गोष्टी सांगा. पहिली, कोक. वीस औंसाच्या एका बाटलीत ६५ ग्रॅम साखर असते, सोळा चमचे. चहात कुणी सोळा चमचे घातले तर आपण त्याला वेड्यात काढू. दुसरी, सातचं जेवण खरं जेवण होऊ दे. कॉलच्या आधी मुगाची किंवा मसुराची उसळ, दोन अंडी, वाटीभर दही, एक-दोन पोळ्या असं पोटात गेलं की अकराची भूक निम्मी होते. उरलेल्या निम्म्या भुकेला टेबलावर फुटाणे-शेंगदाणे ठेवावेत. आपल्या शाकाहारी ताटात भात, पोळी, बटाट्याची भाजी असं पिठूळच फार असतं, डाळ पातळ आणि दोन पळ्या. उपासाला तर साबुदाणा, वर बटाटा. तिथे बदल केला तर सगळ्या घराला फायदा, आणि एकट्याला वेगळं ताट वाढल्याचा अपमानही नाही.

'दीक्षित की दिवेकर', म्हणजे दिवसातून दोनदाच जेवायचं की थोड्या थोड्या वेळाने खायचं, या वादात पडू नका. ज्याला जे झेपेल ते त्याने करावं. फक्त शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणात लांबलचक खंड पाडण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, साखर एकदम खाली जाऊ शकते. वजनाच्या नव्या इंजेक्शनांचंही तसंच: तो आणि त्याचे डॉक्टर.

आईला काहीतरी काम द्या, नाहीतर ती तुम्हाला सोडणार नाही. तिला सांगा, 'मी त्याच्याशी बोलले आहे, आता महिनाभर तू काही बोलू नकोस.' दिवाळीला भाकरवडी आणि शेवेची पाकिटं पाठवत असेल तर त्यांच्याबरोबर मेतकूट, कुळथाचं पीठ, थालीपिठाची भाजणी येऊ दे. रोज 'जेवलास का?' विचारायची तिची सवय मात्र मोडू नका. ती काही त्याच्या पोटाची चौकशी नसते, ती तिची हाक असते.

तुम्ही स्वतः त्याला आठवड्यातून एकदा संध्याकाळी फोन करा, कॉल सुरू व्हायच्या आधी, तुम्ही चालायला बाहेर पडाल तेव्हा. 'मी चालतेय, तूही नीघ' म्हणा. सांगलीच्या गप्पा मारा, जुन्या शेजाऱ्यांच्या उचापती सांगा. न्यू जर्सीत हिवाळ्यात गारठा असतो, तर मॉलमध्ये चाला.

आणि त्याने सरळ 'नाही' म्हटलं तर? ३८ वर्षांचा माणूस आहे, त्याला तो हक्क आहे. दोन-तीन महिन्यांनी एकदा परत विचारा, तितक्याच कमी शब्दांत. मात्र सारखी तहान, रात्री वारंवार लघवीला उठणं, काही न करता उतरलेलं वजन, अंधुक दिसणं यातलं काही कानावर आलं तर संकोच न करता त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायला लावा. छातीत दडपण, चालताना दम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं झालं तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून घरी बसू द्यायचं नाही, ९११ लावायचा. आणि तो कधी 'जगण्यात काही राम नाही' अशा सुरात बोलू लागला तर खाण्याचा विषय बाजूला ठेवा, त्याचं ऐका आणि ९८८ हा अमेरिकेतला मानसिक संकटातल्या मदतीचा नंबर त्याला द्या. चोवीस तास कुणीतरी बोलायला असतं तिथे. हे नंबर वहिनीलाही कळवून ठेवा, त्याच मेसेजमध्ये नको, आठवडाभराने.