टेनर म्हणजे 'पुरुषी आवाज' नव्हे

प्रश्न असा आहे: 'बायकांच्या बार्बरशॉप गायनात टेनर, लीड, बॅरिटोन, बेस असे चार आवाज असतात. यातले टेनर आणि बेस तर पुरुषांचे. मग ते बायकांना कसे लावतात? आणि मराठीत काय म्हणावं?' (बार्बरशॉप म्हणजे चार आवाजांनी वाद्यांशिवाय एकत्र गायची अमेरिकी पद्धत.)

'टेनर म्हणजे पुरुषी आवाज' हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. कोशातही बहुतेक वेळा तेवढाच अर्थ देऊन मोकळे होतात. बार्बरशॉपमध्ये ही नावं गळ्याची नाहीत, कामाची आहेत. लीड चाल गाते, टेनर तिच्या वर हलक्या आवाजात, बेस तळाशी. १९४५ साली अमेरिकेत टल्सा इथे 'स्वीट अ‍ॅडलाइन्स' ही बायकांची संस्था निघाली, तेव्हा पुरुषांच्या चौकडीतली नावं तशीच उचलली गेली. पट्टी तेवढी वर सरकली.

आता टेनर. लॅटिन 'तेनेरे' म्हणजे धरून ठेवणे. मध्ययुगीन चर्चसंगीतात मूळ चाल लांबलांब स्वरांत धरून ठेवायचा तो टेनर; बाकीचे त्याच्याभोवती गायचे. म्हणजे व्युत्पत्तीने बघाल तर बार्बरशॉपमधली खरी टेनर लीडच! शिवाय या 'तेनेरे'चं मूळ तेच, ज्याचा संस्कृतात 'तन्' झाला, ताणणे. त्यातूनच तंतू आला आणि आपली तानही. बॅरिटोन तर त्याहून गोड. ग्रीक 'बारुस' म्हणजे जड, त्याचं संस्कृतातलं सख्खं भावंड 'गुरु'. 'तोनोस' पुन्हा ताणण्यातलाच. शब्दाला शब्द ठेवला तर बॅरिटोन म्हणजे चक्क गुरुतान!

'तार, मध्य, मंद्र म्हणा' असं सुचवणारे जाणकार आहेत. साफ चूक. ती सप्तकांची नावं, आणि इथे लीड व बॅरिटोन साधारण एकाच टापूत गातात. बेसने सा, लीडने प आणि टेनरने कोमल नी धरला, तर बॅरिटोनला लीडच्या खाली ग लावावा लागतो. लीड ग वर उतरली, की तीच बॅरिटोन तिच्या डोक्यावरून प वर जाते. तिला मध्य म्हणणार की तार? राहिलेला स्वर भरायचा, हे तिचं काम. तो नेमका लागला, की तंबोऱ्यात तार नसतानाही ऐकू येणाऱ्या गंधारासारखा, चौघींपैकी कुणीच न गायलेला स्वर वर घुमायला लागतो.

तेव्हा बॅरिटोनला खुशाल गुरुतान म्हणा. बाकीची तीन नावं आहेत तशीच देवनागरीत लिहा, आणि 'बेस'चा 'बास' तेवढा करू नका.